चाळीस दिवसांचं मौन

१५ नोव्हेंबर १९३१

पोचले एकदाची! भाऊबीज होऊन चार दिवस झाले नाहीत तोच ट्रंक भरली म्हणून दादा अजून फुरंगटूनच बसला असेल. तळेगाव स्टेशनवर सोडायला आला, पण गाडी हलेपर्यंत तोंडातून शब्द नाही. वहिनीने मात्र चकल्यांचा डबा हातात ठेवला. शाळेतल्या मुलींनी रडून घेतलं, मीही थोडं रडून घेतलं, आणि वडगाव येईतो सगळं विसरले.

फलाटावर शैला उभी. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, त्याला सात वर्षं झाली. तशीच आहे, फक्त पाय अनवाणी आणि हसणं जास्त मोकळं. सोबत मारुतीभाऊ म्हणून एक शेतकरी होता. त्याने ट्रंक डोक्यावर घेतली तेव्हा मला संकोच वाटला. शैला म्हणाली, इथे ज्याचं ओझं त्याने वाहायचं. मग टाकवे येईपर्यंत तिघांनी पाळीपाळीने वाहिली. माझ्या पाळीला ट्रंक दोनदा ओढ्यात पडता पडता वाचली. मारुतीभाऊ पोट धरून हसला.

अभयवाडी म्हणजे एका शिकारी साहेबाने सोडून दिलेला दगडी बंगला आणि भोवती तीन कुडाच्या खोल्या. मागे डोंगर, खाली धरणाचं पाणी. त्या पाण्यात मारुतीभाऊंचं गाव आणि शेत आहे. बोट करून त्याने जागा दाखवली, जशी काही कापणी करायला उद्याच जायचं आहे.

सगळे एका पंगतीला जेवतात, जात नाही, सोवळं नाही. दारांना कड्याकोयंडे नाहीत, ते भाऊंनी स्वतः उपटून काढले. भाऊ म्हणजे गंगाधरपंत, पूर्वीचे हेडमास्तर. यांनीच ही वाडी वसवली. आवाज इतका हळू की ऐकायला आपसूक पुढे झुकावं लागतं. मी रोजनिशी लिहिते म्हटल्यावर म्हणाले, जरूर लिहा, फक्त ती बंगल्यातल्या फळीवर सर्वांसाठी उघडी राहील. मला हे फार आवडलं. तर वाचणाऱ्यांनो, नमस्कार!

१८ नोव्हेंबर

दिवस भाताच्या झोडणीत जातो. हातांना फोड आले, पण झोप कशी दगडासारखी लागते.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत बैठक. गोल बसायचं आणि दिवसभरात एकमेकांविषयी जे मनात आलं ते बोलून टाकायचं. काल लीलाताई मला म्हणाली, तुम्ही भाकरी निवडून मोठी घेता. कानशिलं तापली माझी. मग लक्षात आलं, खरंच घेते. सगळे हसले, मीही हसले. तळेगावात हेच वाक्य वर्षभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कुजत पडलं असतं.

लीलाताईचे यजमान चिंतामणी (यजमान हा शब्द इथे चालत नाही, तिने मंगळसूत्रही काढून ठेवलं आहे) यांना मी अजून पाहिलेलं नाही. सहा तारखेपासून ते मौनात आहेत. बंगल्यामागे चढावर साहेबाची दारूगोळ्याची दगडी खोली आहे, तिला मौनघर म्हणतात. चाळीस दिवस आत एकट्याने राहायचं. दाराला बाहेरून अडसर, तोही त्यांनीच मागून लावून घेतला. भिंतीला जमिनीलगत एक झरोका आहे, त्यातून दुपारी ताट आणि तांब्या सरकवायचा. बोलायचं नाही, वाकून पाहायचं नाही.

दूध घालायला खालच्या वस्तीवरची बयाबाई येते. तिला वाडीतलं काहीच पटत नाही, पण दूध मापात घालते आणि वर एक धार जास्त सोडते. मला म्हणाली, “बाई, मानूस काय म्हस हाय का दावणीला बांदायला?” मी तिला मौनाचं महत्त्व समजावलं. तिने रिकामी चरवी उचलली आणि वाट धरली.

२० नोव्हेंबर

मौनाचं कारण आज कळलं, आणि तेही शैलाच्याच तोंडून, सर्वांदेखत.

तिचं मन चिंतामणींवर गेलं होतं. आश्विनात तिने हे भर बैठकीत सांगितलं. लीलाताई उठली आणि तिने शैलाला मिठी मारली. चिंतामणी मात्र काहीच बोलले नाहीत. तीन दिवस बोलले नाहीत. तेव्हा भाऊंनी उपाय सांगितला, चाळीस दिवस दोघींपासून दूर राहा, जे खोटं असेल ते गळून पडेल.

म्हणून ताट न्यायचं काम त्या दोघींना नाही. भाऊ, मारुतीभाऊ आणि परवापासून मी, अशा तिघांच्या पाळ्या.

हे सांगताना शैला हसत होती. लीलाताईही हसत होती. जेवताना मात्र दोघींनी एकदाच आमटीच्या पळीला हात घातला आणि दोघींनीही एकदमच सोडला. पळी भांड्यात बुडाली. ती काढायला कुणी हात घालेना, शेवटी मीच घातला. पोळलं.

२२ नोव्हेंबर

माझी पहिली पाळी. झरोका म्हणजे हातभर जाड भिंतीतलं वाकडं भोक आहे, आतलं काही दिसत नाही. ताट सरकवलं. थोड्या वेळाने ते आत ओढलं गेलं. एक खोकला आला, कोरडा, घसा साफ करावा तसा. पाव तासाने रिकामं ताट बाहेर. मीठसुद्धा पुसून खाल्लेलं.

परत आले तर पायरीवर लीलाताई उभी होती. तिने ताट पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. गोठ्याच्या दारात शैला होती. तिनेही लांबूनच पाहिलं आणि शेणाची पाटी उचलून निघून गेली. चिंतामणींची रोजची एवढीच बातमी या दोघींना मिळते.

२५ नोव्हेंबर

हे पान फळीवर जाणार नाही. लिहिणं सोडलं असं बैठकीत सांगितलं. वही ट्रंकेत लुगड्यांखाली.

आज ताट आत ओढलं गेलंच नाही. पाव तास बसले, अर्धा तास बसले. भातावर मुंग्या चढल्या. एकदा आतून टकटक झाली, दोनदा, हळू. नको, घेऊन जा, असं समजले. उपास असेल. मौनात माणूस अन्नावरही रुसत असेल.

भरलं ताट घेऊन वळले आणि वरून पायरी दिसली. लीलाताई ताटकळत उभी. सकाळपासून तिला कणकण होती, अंगावर घोंगडी होती, तरी उभी. मी झुडपाआड गेले आणि कावळ्यांना सगळं टाकलं. तांब्यातल्या पाण्याने ताट विसळलं. रिकामं ताट तिला दाखवलं. ती म्हणाली, जेवले! आणि खोलीत जाऊन झोपली.

एवढंसं खोटं. एका आजारी बाईला झोप लागली. पण बैठकीत माझी वेळ आली तेव्हा मी म्हणाले, आज मनात काही नाही. भाऊ माझ्याकडे पाहत राहिले.

२८ नोव्हेंबर

पुन्हा तेच. ताट जागचं हललं नाही. टकटकही नाही. कावळे आता मला ओळखतात, मी दिसले की आधीच येऊन बसतात.

परवा भाऊ ताट घेऊन गेले, रिकामं आणलं. काल मारुतीभाऊ, त्यानेही रिकामंच. म्हणजे माझ्याच हातचं नको आहे. मी काय केलं त्यांचं? त्यांनी मला पाहिलेलंही नाही. शैलाची मैत्रीण म्हणून राग असेल का? दिवसभर हेच डोक्यात घोळतंय. झोडताना काठी दोनदा पायावर मारून घेतली.

शैलाशी बोलायला गेले तर तिने आधी विचारलं, आज जेवले ना? मी हो म्हणाले.

३० नोव्हेंबर

चढावर वास येतो. भाऊ म्हणाले, रानमांजर मेलं असेल, वारा फिरला की जाईल. वारा फिरला. वास गेला नाही.

१ डिसेंबर

आज पाळीला गेले ती नाकाला पदर लावून. ताट ठेवलं आणि कावळ्यांची वाट न बघता ओतूनच दिलं. उतरताना मारुतीभाऊ वाटेत आडवा आला. हातात गवताचा भारा, मान खाली. म्हणाला, “ताई, येक इचारू? तुमच्या पाळीला जेवत्यात का ते?”

मी हातातल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

तो म्हणाला, “माज्या हातचं न्हाई खात. तीन पाळ्या झाल्या. कुनब्याच्या हातचं नको वाटत आसंल, आसं म्या समाजलो. लाज वाटली, म्हून बोललो न्हाई. ताट बैलाला घातलं.”

आम्ही दोघं भारा मध्ये ठेवून खाली बसलो.  माझ्या हातचं नाही, त्याच्या हातचं नाही. उरले भाऊ.

त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, माझ्या पाळीला जेवतात. मला आधी का नाही सांगितलंत? मग म्हणाले, चौदाच दिवस राहिलेत, अडसर काढला तर त्याचा विश्वासघात होईल. आणि हे बैठकीत काढू नका, दोघींना त्रास होईल.

वाडीत आल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला काही लपवायला सांगितलं.

२ डिसेंबर

भाऊंची पाळी. मी करवंदीच्या जाळीत बसून राहिले. 

भाऊ झरोक्यापाशी मांडी घालून बसले. ताट समोर ठेवलं आणि जेवू लागले. सावकाश, घास मोजून. तो वास, आणि ते जेवत होते. मध्येच झरोक्याकडे वाकून म्हणाले, भाजी खारट झालीय का? ऐकल्यासारखी मान हलवली. हसले. शेवटी ताट बोटाने पुसलं, तोंड धुतलं आणि निघाले.

पायरीवर लीलाताई होती.

३ डिसेंबर

आज दुपारी सगळे खळ्यावर असताना मी आणि मारुतीभाऊंनी अडसर काढला.

चिंतामणी दाराशीच होते. बसलेले, दाराला टेकून, म्हणून दार आत जाईना, मारुतीभाऊंनी खांदा लावला. मेलेले. कितीतरी दिवस झालेले. त्यांना मी असं पहिल्यांदा पाहिलं.

भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, दिवसाची एक. सतराव्या रेघेपाशी, म्हणजे माझी पहिली पाळी होती त्या दिवशी, लिहिलं आहे: आज नवा हात. अठराव्यापाशी: ताप. मौन मोडलं, भाऊंना सांगितलं. म्हणाले हीच परीक्षा आहे. पुढे अक्षर वाकडं होत गेलंय. एकोणीस: पाणी झरोक्यापर्यंत जाऊन घेता येत नाही. वीस: आवाज निघत नाही. दगडाने वाजवलं.

विसावा दिवस म्हणजे पंचवीस तारीख.

मी रेघा दोनदा मोजल्या. बावीस आहेत. मी कावळ्यांना भात टाकला तेव्हा ते जिवंत होते. त्यानंतरही दोन दिवस होते.

४ डिसेंबर

काल संध्याकाळी बैठकीत सगळं सांगितलं. मी माझं सांगितलं, मारुतीभाऊंनी त्याचं. भिंतीवर काय लिहिलंय तेही. भाऊंकडे बोट दाखवलं. वाटलं, आता हा माणूस कोसळेल.

ते कोसळले नाहीत. हळूच म्हणाले, देह निश्चल झाला म्हणजे मेला असं तुम्हाला कुणी सांगितलं? चाळिसाव्या दिवशी तो उठला असता. तुम्ही दार उघडलंत.

मी हसले. खरंच हसू आलं मला. मग लीलाताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की तिला दोन गोष्टींतली एक निवडायची आहे. नवरा भिंतीपलीकडे तापाने तडफडला आणि आपण रोज पायरीवर रिकामं ताट बघून खूश झालो, ही एक. दुसरी भाऊंची. तिने दुसरी निवडली. म्हणाली, तुम्ही दार का उघडलंत?

मी शैलाचा हात धरला. शैला, तू तरी बोल. तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, उघडायला नको होतं, अंबू.

ठराव झाला. दार पुन्हा लावायचं, पंधरा तारखेपर्यंत. दार उघडल्याचं जे नुकसान झालं ते भरून यावं म्हणून लीलाताई आत त्यांच्याजवळ बसणार. तीन हात वर, दोन खाली. आज सकाळी ती न्हाऊन, मंगळसूत्र घालून आत गेली. मी तिच्या पायांना मिठी मारली होती. शैलाने माझी बोटं एकेक करून सोडवली.

मारुतीभाऊ वडगावला फौजदाराकडे निघाला. मलाही चला म्हणाला. लीलाताईला अशी टाकून कशी जाऊ? तो संध्याकाळपर्यंत माणसं घेऊन येईल.

५ डिसेंबर

आला नाही.

ताट आता शैला नेते. दोघांचं वाढून. रिकामं आणते आणि मला दाखवते.

७ डिसेंबर

बयाबाई आली. भाऊ दुधाचं भांडं घेऊन मध्येच उभे राहिले, तरी ती गोठ्याकडून फिरून माझ्यापाशी आली. मारुती कुठल्याच वाटेवर कुणाला दिसला नाही म्हणे. त्याची घोंगडी पाण्याकाठी सापडली, घडी घातलेली. “मानूस पाण्यात जाताना घडी घालतंय व्हय?” असं म्हणून तिने माझं मनगट धरलं. “चल. आत्ता चल माज्यासंगं.”

मी म्हणाले, लीलाताईला काढून आणते आणि येते. तिच्याजवळ दादाच्या नावाने चिठ्ठी दिली, एक पाटलासाठी दिली. ती वाट उतरेपर्यंत वळून वळून बघत होती.

का नाही गेले?

८ डिसेंबर

मौनघरापाशी गेले. भाऊ अडसरावर हात ठेवून बसलेले, हलेनात. भिंतीला कान लावला. लीलाताई बोलत होती. माहेरचं काहीतरी, विहीर, आंब्याचं झाड. थांबत होती, पुन्हा बोलत होती. कुणीतरी विचारावं आणि तिने सांगावं तसं.

मग खोकला. कोरडा, घसा साफ करावा तसा.

तो लीलाताईचा नाही. मी तो एकदाच ऐकलाय, पण —

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांचाच विश्वास नव्हता इतके दिवस! आता मात्र —

९ डिसेंबर

सकाळी निघाले होते. लीलाताईशिवाय, एकटी. खोलीचं दार उघडेना. बाहेरून वासा लावलाय. कड्याकोयंडे उपटणाऱ्या माणसाने.

शैला दारापाशी येऊन बसली. म्हणाली, घाबरू नकोस, तुझ्यासाठीच आहे हे. मी विचारलं, मारुतीभाऊचं काय केलंत? ती म्हणाली, त्याने बैठकीचा ठराव मोडला. मग कॉलेजातल्या गोष्टी काढल्या. आपण एका पांघरुणात झोपायचो, आठवतं? मला आठवतं. म्हणूनच भीती वाटते.

१० डिसेंबर

ताट दाराखालून आलं. खाल्लं नाही. काय घातलं असेल कोण जाणे. परत ढकललं. फटीतून शैलाची बोटं दिसली. भात कालवत होती. चघळण्याचा आवाज. मग ओरडून सांगितलं तिने, अंबू जेवली हो भाऊ!

मी जेवले नाही. लिहून ठेवते. मी अंबू, तळेगावच्या मुलींच्या शाळेतली, आज जेवले नाही.

११ डिसेंबर

भिंत कुडाची. ट्रंकेच्या पत्र्याने खरवडतेय. बोट जाईल एवढं भोक झालं. हात जाईल एवढं होईल उद्यापर्यंत —

पाणी संपलं.

१२ डिसेंबर

दुपार. माणसं! खालच्या वाटेवर माणसं — बयाबाईचा आवाज, दादाचाही, दादाच! भाऊ सामोरे गेलेत. भोकातून दिसतंय, हात जोडून बोलतायत. अंबूताई मुंबईला गेल्या म्हणतायत. मी ओरडले. ओरडतेय. घशातून वारा निघतो नुसता. शैलाने भजन धरलंय, मोठ्याने, टाळ —

दादा वळला. नको वळू. दादा —

बयाबाई वळत नाही. उभी आहे. इकडेच बघतेय. मी लुगड्याची चिंधी भोकातून बाहेर काढली — पाहिली तिने! धावतेय —

थांबली. का थांबली? सगळेच थांबले. भजनही. सगळे वर बघतायत, मौनघराकडे. दादा मागे मागे सरकतोय. टोपी पडली, उचलत नाही. बयाबाईने तोंडावर पदर —

अडसर पडल्याचा आवाज आला. वर, मौनघराचा. अजून चाळीस झाले नाहीत. तीन दिवस बाकी —

चढावरून कोणीतरी येतंय. दोन माणसांची पावलं, एक फरपटत. मला इथून तो चढ दिसत नाही. बयाबाई ओरडतेय माझ्या नावाने, पळ म्हणतेय, कुठून पळू —

दाराशी. लीलाताई. आनंदाने रडतेय. म्हणते, उठले हो! उठले. कुणालाच भेटायचं नाही म्हणतात, आधी तिला, त्या नव्या हाताला, जिच्या हातचं —

वासा काढतेय. वही कुठे लपवू? नाही, आधी ट्रंक — ट्रंक दाराला लावली. सरकतेय. हात आला फटीतून, हा लीलाताईचा ना